खेळाचा इतिहास आणि घरातला पडदा

व्हिडिओ खेळांचा इतिहास सांगणारे कार्यक्रम जगाच्या दूरचित्रवाणीवर आता नवलाचे राहिलेले नाहीत. इंग्लंडमधील चॅनेल फोर या वाहिनीने २००० साली 'थम्ब कँडी' हा कार्यक्रम दाखविला. अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या जी फोर या वाहिनीवर 'आयकॉन्स' ही मालिका आली, तर जपानमध्ये २००३ च्या नोव्हेंबरात 'गेमसेंटर सीएक्स' सुरू झाले. पुढे २०१३ मध्ये चार्ली ब्रूकर यांचा 'हाउ व्हिडिओगेम्स चेंज्ड द वर्ल्ड' आणि २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरील 'हाय स्कोअर' ही सहा भागांची मालिका, अशी ही मालिका लांबत गेली. मराठीत अशी परंपरा निर्माण झालेली नाही. तशी ती का झाली नाही, असे विचारले असता दोन उत्तरे ठरलेली असतात : स्वतंत्र निर्मात्याजवळ पैसा नाही, आणि वाहिन्यांना या विषयाची आवड नाही. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु ती अपुरी आहेत. मराठीत असा कार्यक्रम करू इच्छिणारा मनुष्य वाहिनीच्या दाराशी जाण्यापूर्वीच अडतो, आणि तो अडतो ते इतिहासाच्या उसन्या घेतलेल्या साच्यामुळे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हिडिओ खेळ आणि दूरचित्रवाणी यांचे नाते मुळातच शेजारधर्माचे नसून एका घरात नांदण्याचे आहे. राल्फ बेअर हा दूरचित्रवाणी-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला अभियंता. ज्या संचावर लोक केवळ पाहत बसतात त्या संचाकडून आणखी काही काम करून घेता येईल काय, हा प्रश्न १९६६ मध्ये त्याच्या मनात आला आणि त्यातून मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे घरगुती खेळयंत्र १९७२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत विक्रीस आले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. या दोन घटनांत कार्यकारणभाव मुळीच नाही. तरीही महाराष्ट्रात दूरचित्रवाणीचे आगमन आणि जगात घरगुती व्हिडिओ खेळाचा जन्म यांचे वर्ष एकच असावे, ही मौज नोंदविण्याजोगी आहे. पुढे वीसेक वर्षांनी हा खेळ मराठवाड्यातील घरांत शिरला तो याच संचावाटे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या यंत्राच्या नकला, किंवा भारतीय नावांनी विकली गेलेली त्याची रूपे ('सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' इत्यादी) संचाच्या मागच्या बाजूस तार जोडून एखाद्या रिकाम्या वाहिनीवर चालविली जात. शॉ वॉलेस या कंपनीने १९९५ मध्ये सेगाचे यंत्र अधिकृतपणे भारतात आणले, पण ते महाग होते. तालुक्याच्या गावी पोहोचल्या त्या नकलाच. घरात संच एकच असे. सायंकाळी मालिकेची वेळ झाली की तार काढावी लागे. तेव्हा व्हिडिओ खेळाचा इतिहास दूरचित्रवाणीवर यावा या मागणीला मराठी घरात एक विशेष अर्थ आहे : खेळ त्या पडद्यावर कधीच येऊन गेला, त्याची हकीकत मात्र आली नाही.

आता उपलब्ध कार्यक्रमांचे परीक्षण करू. 'आयकॉन्स'चे नावच त्याची दृष्टी सांगते. एक निर्माता, एक कंपनी किंवा एक गाजलेला खेळ घ्यावा, त्याचा उदय सांगावा, संकट सांगावे, विजय किंवा पतन सांगावे, असा त्याचा घाट. हा घाट वीरचरित्राचा आहे. 'हाय स्कोअर'ने हाच घाट अधिक रसिकतेने आणि अधिक उदारतेने वापरला. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजांचे १९७६ चे फेअरचाइल्ड यंत्र घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्यास त्यात स्थान मिळाले. १९८० ची 'स्पेस इन्व्हेडर्स'ची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या रेबेका हाइनमन यांच्या रूपाने खेळाडूही बोलू लागला. आणि 'गेब्लेड' हा हरवला असे समजला गेलेला १९९२ चा खेळ पुन्हा हाती आल्याची कथाही आली. या मालिकेचा हाच भाग सर्वांत सरस म्हणावा लागतो. कारण तेथे इतिहास ही यशाची जंत्री न राहता शोधाची गोष्ट होते. तथापि मालिकेचा एकंदर तोल निर्मात्यांकडेच झुकलेला आहे, आणि तिचा भूगोल अमेरिका व जपान या दोन देशांपलीकडे फारसा जात नाही.

चार्ली ब्रूकर यांचा कार्यक्रम अधिक तिरकस आणि म्हणूनच अधिक विचारप्रवर्तक आहे. 'पाँग'पासून कालक्रमाने पंचवीस खेळ निवडून शेवटचे स्थान त्यांनी 'ट्विटर'ला दिले. संदेश पाठविण्याचे साधन हाही एक खेळच, गुण मिळविण्याची ती एक चढाओढच, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो वा न पटो, खेळ म्हणजे काय हा व्याख्येचा प्रश्न त्यांनी सामान्य प्रेक्षकापुढे ठेवला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. स्वतंत्र निर्मितीचे उदाहरण पाहावयाचे तर अँथनी व निकोला कॉलफील्ड या दांपत्याचा 'फ्रॉम बेडरूम्स टू बिलियन्स' हा २०१४ चा अनुबोधपट घ्यावा. लोकवर्गणीतून उभा राहिलेला हा पट ब्रिटनमधील घराघरांतून खेळ लिहिणाऱ्या तरुणांची कहाणी सांगतो. त्याची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. परंतु स्वतंत्र निर्मात्यानेही साचा वापरला तो पुन्हा निर्मात्यांच्या वीरचरित्राचाच. पैसा लोकांचा, पण कथा उद्योगाची, असा हा विसंवाद आहे.

या सर्वांत निराळे ठरते ते 'गेमसेंटर सीएक्स'. शिन्या आरिनो हा विनोदी नट कचेरीतल्या अधिकाऱ्याचे सोंग घेऊन एखादा जुना खेळ दिवसभरात संपविण्याचा प्रयत्न करतो. तो खेळण्यात निष्णात नाही; पुनःपुन्हा हरतो, कपाळाला पट्टी चिकटवतो, साहाय्यकांना मदतीस बोलावतो. आरंभी या कार्यक्रमात खेळांच्या निर्मात्यांच्या मुलाखती मध्यवर्ती होत्या आणि हे खेळणे दुय्यम होते. लवकरच क्रम उलटला. हा बदल अर्थपूर्ण आहे. जुना खेळ किती कठीण होता, त्याने खेळणाऱ्याचा वेळ कसा खाल्ला, एखादी उडी चुकली की पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करताना जीव कसा मेटाकुटीस येई, हे कोणत्याही मुलाखतीपेक्षा आरिनोच्या चेहऱ्यावरून अधिक स्पष्ट कळते. व्हिडिओ खेळ खेळावयाचा असतो, पाहावयाचा नव्हे, म्हणून तो दूरचित्रवाणीस मानवत नाही, असा जो आक्षेप घेतला जातो त्यास हा कार्यक्रम हे पुरेसे उत्तर आहे. शिवाय हा आक्षेप आपल्याकडील अनुभवाशीही विसंगत आहे. तासावर पैसे घेऊन खेळू देणाऱ्या दुकानांत खेळणारे दोन असत आणि मागे उभे राहून पाहणारे आठ. ज्याच्या खिशात पैसे नसत तो पाही, सल्ला देई, हळहळे. मराठी मुलांपैकी कित्येकांचा व्हिडिओ खेळाशी आलेला संबंध हा मुख्यतः प्रेक्षकाचा होता. त्या प्रेक्षकाचा इतिहास दूरचित्रवाणीने सांगितला तर त्यात अनैसर्गिक असे काहीच नाही.

येथेच साच्याचा प्रश्न नीट समजतो. निर्मात्यांच्या इतिहासात मराठी माणसाला जागा फार उशिरा मिळते. मुंबईत इंडियागेम्स ही संस्था १९९९ मध्ये सुरू झाली. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची देशाबाहेरही दखल घेतली गेली. परंतु ज्या दशकात हा खेळ मराठी घरांत रुजला त्या दशकात येथे निर्माता नव्हता. होता तो दुकानदार, दुरुस्ती करणारा, भाड्याने कॅसेट देणारा, आणि खेळणारा. वीरचरित्राचा साचा घेऊन मराठीत कार्यक्रम करावयाचा म्हटले तर एक तर परदेशी कंपन्यांची कथा मराठीत अनुवादून सांगावी लागते, किंवा पुण्यामुंबईच्या अलीकडील यशाची प्रशस्ती करावी लागते. पहिल्या प्रकारात मराठीपणाचा आधार नाही, दुसऱ्यात इतिहासाचा नाही. वाहिनीचा अधिकारी असा प्रस्ताव परत करतो तेव्हा त्यास अरसिक म्हणण्यात अर्थ नसतो.

वस्तुतः आपल्याकडे खेळाची नोंद करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा भर खेळणाऱ्यावर व पाहणाऱ्यावर आहे. लातूरच्या सीमेपासून दूर नसलेल्या कल्याणी येथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त क्रीडांसाठी वीस अध्यायांचा एक स्वतंत्र विभाग आहे. संतांनी विटीदांडू, हमामा, हुतूतू, फुगडी यांवर रूपके रचली. ती अध्यात्मासाठी रचली हे खरे, पण त्यामुळे खेळांची नावे आणि त्यांतील शब्द टिकले. बडोद्याहून निघालेल्या आबासाहेब मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाने देशी खेळांची पद्धतशीर नोंद केली. या नोंदींत खेळ कोणी शोधला हा प्रश्न गौण आहे. तो कसा खेळतात, कोणत्या शब्दांनी खेळतात, हा मुख्य आहे.

शब्दांचे महत्त्व येथे विशेष आहे. कारण व्हिडिओ खेळांच्या बाबतीत वस्तू टिकत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. जेथे उद्योग आहे, ग्रंथालये आहेत, संग्रहालये आहेत तेथील ही स्थिती. मराठवाड्यातील नकली यंत्रे तर बिघडली की भंगारात जात. त्यांच्या पावत्या नाहीत, जाहिराती थोड्या, दुकानांची दप्तरे नाहीत. उरले आहेत ते लोकांच्या तोंडचे शब्द.

शब्द इतिहास कसा जपतो याचे उत्तम उदाहरण विटीदांडूत आहे. महाराष्ट्रातील मुले विटी मारून अंतर मोजताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे म्हणत आली. या संख्या मराठी नव्हेत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी त्यांचे साम्य उघड आहे, आणि ते अभ्यासकांच्या ध्यानात पूर्वीच आलेले आहे. मोजणाऱ्या मुलास तेलुगू येत नसे. आपण परक्या भाषेत मोजीत आहोत याची त्याला वार्ताही नसे. खेळाने भाषिक सीमा कधीतरी ओलांडली होती एवढा पुरावा त्याच्या तोंडी राहिला. किनवटसारख्या ठिकाणी या पुराव्याला आणखी वजन येते. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. पैनगंगेपलीकडे विदर्भ, पूर्वेस तेलंगण, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग मधून गेलेला, आणि बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी व उर्दू अशा भाषा एकाच दिवशी कानी पडणाऱ्या. येथील मुलाला 'लेंड' हा शब्द अर्थशून्य वाटण्याचे कारण नाही. त्याच्या शेजारच्या घरी तो जिवंत संख्यावाचक असू शकतो. व्हिडिओ खेळांचे शब्द अशा बहुभाषिक वस्तीत कोणत्या वाटेने आले, हैदराबादकडून की नांदेडकडून, दक्खिनीतून की मराठीतून, हा प्रश्न विचारण्यास किनवटइतके योग्य ठिकाण क्वचित सापडेल.

त्या शब्दांची चुणूक पाहा. कार्ट्रिज हा शब्द रूढ झाला नाही. सर्वत्र 'कॅसेट' म्हटले गेले, कारण गाण्याची व चित्रपटाची कॅसेट घरात आधी आलेली होती आणि नवी वस्तू जुन्या नावाच्या आश्रयाने रुजली. हातातल्या नियंत्रकास अनेकांनी 'रिमोट' म्हटले. तोही दूरचित्रवाणीकडून घेतलेला शब्द. नामे इंग्रजी राहिली, क्रियापदे मात्र मराठीच : लाइफ गेली, स्टेज पार झाली, कॅसेटला फुंकर मारली. यांत सर्वांत लक्षणीय प्रयोग 'मी मेलो' हा होय. पडद्यावरची आकृती खाली पडते; खेळणारा 'तो मेला' म्हणत नाही, 'मी मेलो' म्हणतो. प्रथमपुरुषाचा हा वापर परदेशी खेळाबरोबर आला असे मानण्याची घाई करू नये. हुतूतूत बाद झालेला गडी 'मेला' असे म्हणतात. कबड्डीच्या जुन्या प्रकारांपैकी 'संजीवनी' या प्रकारात प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला मेलेला गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येई. 'अमर' या प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे, केवळ गुण मोजला जाई. खेळातील मरण, पुनरुज्जीवन आणि मोजून दिलेले प्राण या कल्पना मराठी मुलाच्या अंगवळणी होत्या. 'तीन लाइफ' या शब्दप्रयोगातील लाइफ तेवढी नवी होती. 'कॉन्ट्रा' या खेळात तीसऐवजी तीनच प्राण मिळत, आणि तीस मिळविण्यासाठी बटणे दाबण्याचा एक विशिष्ट क्रम होता. जपानमधील कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रेडियस'च्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीसाठी योजलेला तो क्रम कोणत्याही मराठी नियतकालिकाच्या आधारावाचून मुलांच्या तोंडून तोंडी पसरला. मौखिक परंपरेच्या अभ्यासकास याहून ताजा नमुना हवा असेल तर तो मिळणे कठीण.

यावरून मराठी कार्यक्रमाचे स्वरूप कसे असावे याची कल्पना येते. त्यात दुकानदार बोलेल, दुरुस्ती करणारा बोलेल, मागे उभा राहणारा बोलेल, आणि मालिकेच्या वेळी तार काढावयास लावणारी आईही बोलेल. मुलींना या दुकानांत कितपत वाव होता हेही त्यात विचारले जाईल. कारण स्मरणरंजनाचा जो सोपा मार्ग असतो, ज्यात सर्वांचे बालपण एकसारखे आणि सुखाचे असते, तो अशा प्रश्नांनीच बंद होतो. 'आयकॉन्स'सारख्या मालिकांचा जो मोठा दोष आहे तो मराठीत स्मरणरंजनाच्या रूपाने येण्याची भीती आहे. नायक कंपनी नसेल तर नायक बालपण होते, आणि चौकशी थांबते.

आता वाहिनीपर्यंतच्या वाटेचा विचार. स्वतंत्र निर्मात्याच्या हक्काविषयी आपल्याकडे जो निराशेचा सूर आहे तो कायद्याच्या इतिहासाशी जुळत नाही. आणि हा इतिहास बऱ्याच अंशी महाराष्ट्रात घडलेला आहे. 'होनी अनहोनी' ही दूरदर्शनवरील मालिका अंधश्रद्धेस उत्तेजन देते म्हणून तिचे प्रक्षेपण थांबवावे यासाठी लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८८ मध्ये निर्णय संघटनेच्या विरुद्ध लागला. मालिकेची निर्माती ओडिसी कम्युनिकेशन्स ही खाजगी संस्था होती (मॅग्नाव्हॉक्सच्या यंत्राशी हे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे). त्या निर्णयात न्यायालयाने असे म्हटले की, दूरदर्शनने घातलेल्या अटींस अधीन राहून त्यावर आपली कृती दाखविण्याचा नागरिकाचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. विज्ञानप्रसारकांच्या पराभवातून स्वतंत्र निर्मात्यांना आधार मिळाला, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. पुढे १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. आणि आनंद पटवर्धन यांच्या 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' या १९९५ मधील अनुबोधपटास दूरदर्शनने दिलेला नकार सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २००६ रोजी अग्राह्य ठरवून तो दाखविण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या पटासही दशकभर झगडावे लागले, हे विसरून चालणार नाही. हक्क आहे, पण तो बजावण्यास आयुष्याची काही वर्षे लागतात.

व्हिडिओ खेळांच्या इतिहासात धर्मकारण वा राजकारण नसल्याने अशा प्रकारचा नकार येण्याचा संभव थोडा. तेथे अडचण येते ती निराळी : चित्रांची. जुन्या खेळाचे दृश्य आणि संगीत ही कंपन्यांची मालमत्ता. १९५७ च्या भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात टीका व परीक्षण यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे; परंतु वाहिनीला मुभेपेक्षा लेखी परवानगी अधिक आवडते. परवानगी मागावयाची तर कंपनीकडे जावे लागते, आणि कंपनी जी कथा मान्य करते ती सहसा तिच्याच पराक्रमाची असते. परदेशी कार्यक्रमांत निर्मात्यांच्या वीरचरित्राचा साचा इतका घट्ट का बसला, याचे एक कारण येथे आहे. रुचीपेक्षा हक्कांच्या व्यवहाराने तो घडविला असावा. ज्या कार्यक्रमाचा कणा बोलणाऱ्या माणसांचा व त्यांच्या शब्दांचा आहे, त्यास खेळाची दृश्ये मिनिट-दोन मिनिटे, तीही भाष्यासह, पुरतात. म्हणजे मराठीत जो इतिहास सांगणे खरे आहे तोच सांगणे स्वस्त आणि कायद्याच्या दृष्टीने निर्धोकही आहे. स्वतंत्र निर्मात्याने हा योगायोग ओळखला पाहिजे.

वाट नाही असेही नाही. नव्वदीच्या दशकात सिद्धार्थ काक यांच्या 'सुरभि'ने दूरदर्शनवर लोककला, कारागिरी, वास्तू असे विषय आणले. रेणुका शहाणे यांच्या प्रसन्न निवेदनाने तो घरोघर पोहोचला आणि प्रेक्षकांची पत्रे लाखांनी आली. बाहेरच्या संस्थेने निर्मिलेला, प्रायोजकाच्या बळावर चाललेला तो कार्यक्रम होता. २००० मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने प्रसार भारतीच्या सहकार्याने स्वतंत्र दिग्दर्शकांचे शेकडो अनुबोधपट घडविले आणि दूरदर्शनवर आणले. या दोन उदाहरणांतून दिसते की सार्वजनिक वाहिनीला विषयाचे नवेपण खुपत नाही. तिला हवा असतो घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहण्याजोगा घाट. 'गेम खेळणाऱ्या तरुणांसाठी' म्हणून आखलेला प्रस्ताव तेथे परका ठरतो. 'तुमच्या घरातला संच एके काळी आणखी कशासाठी वापरला जात होता' या प्रश्नापासून आरंभ केलेला प्रस्ताव ठरणार नाही.

कोणी विचारील, महाजालावर कोणतीही परवानगी न मागता हे सर्व दाखविता येत असता दूरचित्रवाणीचा अट्टाहास कशासाठी? महाजालावरील चित्रफीत ज्याला विषय आधीच ठाऊक आहे तोच शोधून काढतो. ज्या आईने तार काढली ती असे काही शोधीत नाही, आणि तिच्या साक्षीवाचून हा इतिहास अर्धा आहे. ती जेथे पाहते तेथेच तो दाखवावा लागेल.

राहिला निवेदनाच्या भाषेचा प्रश्न. आणि तो शेवटचा असला तरी क्षुल्लक नव्हे. सह्याद्री वाहिनीवरील निवेदनाची प्रमाण मराठी नांदेड-किनवटकडील बोलण्यापासून बरीच दूर आहे. अशा कार्यक्रमात साक्षीदार आपल्या बोलीत बोलणार आणि निवेदक ते प्रमाण भाषेत पुन्हा सांगणार, ही नेहमीची रीत येथे घातक ठरेल. दुकानदार 'कॅसेट' म्हणाला आणि निवेदकाने 'कार्ट्रिज' असे सुधारले, की पुरावाच पुसला गेला. 'मी मेलो' याचे खाली दाखविलेल्या अक्षरांत 'त्याचे पात्र बाद झाले' असे रूपांतर केले, तर हुतूतूपासून चालत आलेला धागा तुटला. तेलुगू, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या साक्षीदाराच्या बाबतीत तर भाषांतर करावेच लागेल. तेव्हा निदान खेळातले शब्द मूळ रूपात अक्षरांकित करून मग अर्थ द्यावा. यासाठी कार्यक्रमाच्या आधी शब्दसंग्रह हवा, आणि तो जमविण्याचे काम वाहिनीचे नव्हे. ते भाषाभ्यासाच्या विभागांचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका तालुक्यातील चाळिशी-पन्नाशीच्या वीस-पंचवीस व्यक्तींकडून, त्यांच्या घरच्या भाषेची नोंद ठेवून, यंत्र, कॅसेट, नियंत्रक, प्राण, टप्पा, हार, जीत आणि फसवणूक यांसाठी वापरलेले शब्द ध्वनिमुद्रित केले, तर एका सत्रात ते काम होण्यासारखे आहे. नकली यंत्रे विकणारी व तासावर खेळू देणारी ती पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे; तिच्यापासून आरंभ करावा.